पोलिओ मोहीम : सरकार आणि आंतरराष्ट्रीय संस्था एकत्र काम कसं करतात?

युनिसेफ किंवा जागतिक आरोग्य संघटनेचं नाव निघालं की आपल्या मोहल्ल्यात हमखास प्रश्न येतो : हे लोक कोणाच्या सांगण्यावरून येतात? पैसा कोणाचा? निर्णय कोण घेतो? भारतातल्या पोलिओ मोहिमेत या प्रश्नांची उत्तरं सापडतात.

कोणाचं काय काम?

पल्स पोलिओ मोहीम 1995 मध्ये सुरू झाली. ती भारत सरकारचीच होती. डोस पाजणारे कर्मचारी राज्यांच्या आरोग्य खात्याचे होते आणि खर्चाचा मोठा वाटाही सरकारनेच उचलला.

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 मध्ये सरकारसोबत रोग-पाहणीचं जाळं उभं केलं. 15 वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की त्याच्या शौचाचे नमुने तपासले जात. मुंबईत 2001 पासून सांडपाण्यातही विषाणू शोधला जाऊ लागला. युनिसेफकडे लोकांशी संवाद साधण्याचं काम होतं. रोटरीने निधी आणि स्वयंसेवक दिले. तज्ज्ञांची सल्लागार समिती आकडे बघून सल्ला द्यायची, त्यावर निर्णय मात्र सरकार घ्यायचं.

अडचण कुठे आली?

2002 मध्ये देशात पोलिओचे 1,600 रुग्ण सापडले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. पश्चिम उत्तर प्रदेशात मुस्लिम मुलांना याची झळ जास्त बसली. या थेंबांनी मूल होत नाही, अशी अफवा पसरली होती. पण सगळा दोष अफवेचा नव्हता. वस्तीत डॉक्टर नाही, गटारं उघडी, आणि थेंब पाजायला मात्र लोक पुन्हा पुन्हा दारात, ही तक्रार खरी होती.

मार्ग कसा निघाला?

मोहल्ल्यातल्याच बायकांना समन्वयक नेमलं गेलं. कोणत्या घरात किती लेकरं, कोणाचा डोस राहिला, याची नोंद त्या वहीत ठेवायच्या. उलेमा आणि इमाम साहेबांनी मशिदींतून आवाहन केलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द यांनीही साथ दिली. नंतर उत्तर प्रदेश आणि बिहारमधले 107 जोखमीचे तालुके निवडून तिथे स्वच्छता, हात धुणं, अतिसारावरचे उपचार आणि इतर लसी यांवर भर दिला गेला. 2010 मध्ये नवी द्विगुणी लस आली.

2009 मध्ये 741 रुग्ण होते, 2010 मध्ये 42. शेवटचा रुग्ण म्हणजे पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक लहान मुलगी. तिला जानेवारी 2011 मध्ये लागण झाली. 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, अल्हम्दुलिल्लाह.

आपण काय घ्यावं?

पैसा, तज्ज्ञ आणि सरकारी यंत्रणा असूनही मोहल्ल्याचा विश्वास बसेपर्यंत काम अडून राहिलं होतं. म्हणून वस्तीत कोणतीही योजना आली की प्रश्न जरूर विचारावेत : जबाबदार सरकारी अधिकारी कोण? संस्थेचं काम नेमकं कोणतं? तक्रार कुठे करायची? पण उत्तर मिळेपर्यंत लेकराचा डोस अडवून ठेवू नये. शेजारच्या पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे, म्हणून आपल्याकडे पोलिओ रविवार आजही पाळला जातो. प्रश्न आपण मोठ्यांनी विचारायचे आहेत. डोस चुकला तर त्याची किंमत मात्र लेकरू मोजतं.