शेळीचे दूध आणि एक व्रत

हिंगोलीसारख्या मराठवाड्यातील प्रदेशात शेळीस ‘गरिबाची गाय’ म्हणतात. तिच्या दुधास देशव्यापी ख्याती लाभली ती मुंबईतील एका रुग्णशय्येपाशी. गाईम्हशींवरील ‘फुक्या’च्या क्रूर प्रथेमुळे गांधीजींनी १९१२ मध्ये दूध वर्ज्य केले होते. १९१९ च्या प्रारंभी दुधावाचून देह सावरणार नाही, असे डॉ. दलालांनी बजाविले. तेव्हा कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचविले. सत्याग्रहासाठी जगण्याच्या ओढीने गांधीजींनी ते घेतले. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, हे शल्य मात्र त्यांस टोचत राहिले.

ह्या दुधातील स्निग्धकण सूक्ष्म असतात. पण फोलेट अल्प असल्याने केवळ त्यावर तान्हे मूल पोसू नये. उकळून घेतल्यास थोरांस ते उत्तम अन्न होय. सर्वरोगहारी औषध नव्हे.