हाकेसरशी हजर होणाऱ्यांचा इतिहास

राजांचा इतिहास लिहिला जातो, तसा चाकरांचाही लिहिता येतो. मात्र तो शोधायचा तर दफ्तराबाहेर पडून करमणुकीच्या वस्तूंकडेही पाहावे लागते. आजचे विद्यार्थी ज्या व्हिडिओ गेममध्ये रात्री घालवतात, त्यांतील अद्भुत साहसांच्या खेळांत एक रूढ प्रकार आहे. खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो. लढाई अंगावर आली की यादीतून एक नाव निवडतो. पडद्यावर कोणी अतिमानवी जीव प्रकटतो, शत्रूवर आग वा बर्फ कोसळवतो आणि क्षणात नाहीसा होतो. विजयानंतर सोने आणि अनुभवाचे गुण वाटले जातात. त्या वाटणीत बहुधा या जीवाचे नाव नसते.

आवाहन देवतेचे करतात. इथे मात्र देवता आल्यावर तिची पूजा होत नाही, तिला काम सांगितले जाते. म्हणून मी याला पाचारण म्हणतो. ज्या कामाला मोबदला नाही आणि नकाराचा हक्क नाही, त्याला आपल्या भाषेत वेठ हा नेमका शब्द आहे. ही वेठ नेमकी कोणाच्या वाट्याला आली, हाच माझ्या लेखाचा प्रश्न आहे.

या कल्पनेचे मूळ खेळांच्या फार आधीचे आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी या तिन्ही परंपरांत राजा सॉलोमन, म्हणजेच सुलेमान, अदृश्य शक्तींकडून काम करून घेतो. एका प्राचीन ग्रीक ग्रंथात तो अंगठीच्या बळावर भुतांना जेरुसलेमचे मंदिर बांधायला लावतो. कुराणाच्या चौतिसाव्या सुऱ्यात तर विलक्षण प्रसंग आहे. सुलेमान काठीला टेकून मरण पावतो, पण जिन्नांना ते कळत नाही. काठी कुरतडली जाऊन देह खाली पडेपर्यंत ते राबतच राहतात. धनी मेला तरी वेठ चालू राहते, कारण चाकराच्या मनातला धनी अजून उभा असतो!

सतराव्या शतकात युरोपात संकलित झालेल्या ‘लेसर की ऑफ सॉलोमन’ या मंत्रग्रंथात पाचारण करण्याजोग्या ७२ आत्म्यांची यादी आहे. तिच्यात बाएल आहे, अस्टारॉथही आहे. हे मूळचे कोण? बाल हा कनान प्रदेशातील लोकांचा देव आणि अस्टार्टी ही त्याच भागातील देवी. ज्यांची पूजा पराभूत झाली, त्यांची दैवते आधी सैतान ठरली आणि नंतर हुकमाची ताबेदार झाली. देवीचे तर स्त्रीत्वही गेले. यादीत ती सरदार पुरुष आहे. जित लोकांचे देव जेत्यांच्या नोकरीत लावले जातात, हा पाचारणाच्या इतिहासाचा पहिला धडा आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागदावर खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. आजच्या भूमिकाखेळांचे घराणे इथून सुरू होते. त्याच्या नियमांत मांत्रिक पंचमहाभूतांतील शक्तीला बोलावू शकतो, पण त्याचे लक्ष ढळले तर ती त्याच्यावरच उलटते. त्याच नियमांत एक अदृश्य पाठलाग करणारा चाकर आहे. त्याला दीर्घकाळ राबवले तर तो नाराज होतो, हुकमाचे शब्द पाळतो आणि हेतू मोडून टाकतो. खेळ रचणाऱ्यांना गुलामीचे तत्त्वज्ञान लिहायचे नव्हते. तरीही मालकाची भीती आणि चाकराचा मूक विरोध या दोन्ही गोष्टी नियम म्हणून लिहाव्या लागल्या. जिथे वेठ असते तिथे विरोध असतोच, हे त्यांच्या कल्पनेलाही टाळता आले नाही.

जपानमध्ये ही प्रथा संगणकीय खेळांत रुजली. १९८७ च्या ‘मेगामी तेन्सेई’त दैत्यांशी बोलणी करून त्यांना आपल्या पक्षात घ्यावे लागते. निदान तिथे त्यांचे म्हणणे विचारले जाते. १९९० च्या ‘फायनल फॅन्टसी ३’पासून मात्र यादीतून नाव निवडून जीवाला बोलावण्याची रीत त्या मालिकेची ओळखच बनली. ती नावे पाहा. अरबी कथांतला इफ्रित, ग्रीकांचा टायटन, उत्तर युरोपचा ओडिन. आपल्याकडचा शिव तिथे बर्फाची स्त्री झाला आहे. जगभरच्या श्रद्धा एका यादीत, प्रत्येकीपुढे तिला बोलावण्याची किंमत!

याच मालिकेच्या १९९४ मधील सहाव्या खेळाने या प्रथेच्या पोटात हात घातला. त्यातले ‘एस्पर’ हे जीव माणसांपासून दूर, आपल्या मुलखात लपून राहतात. साम्राज्य त्यांना पकडून प्रयोगशाळेत डांबते, त्यांची शक्ती पिळून काढते आणि सैनिकांत व यंत्रांत भरते. अर्धी माणूस, अर्धी एस्पर असलेल्या टेरा या तरुणीच्या डोक्यावर गुलामीचा मुकुट चढवून तिला शस्त्रासारखे वापरले जाते. म्हणजे ज्याला चमत्कार म्हणायचे, तो कोणाच्या तरी देहातून पिळलेला असतो, हे खेळ उघड सांगतो. पण तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. साम्राज्याविरुद्ध लढणारे सज्जन नायकही मेलेल्या एस्परांच्या अवशेषांपासूनच मंत्र शिकतात. शोषकाला विरोध करणारा शोषणाचे फळ सहज खातो, हे आपण चळवळीतही पाहिले आहे.

एका नावापाशी मात्र मला थांबावे लागते. १९९१ च्या चौथ्या खेळात असुरा ही या जीवांच्या राज्याची तीन मुखांची राणी आहे. आपल्या बाजूने आल्यावर ती संहार करत नाही. जखमा भरते, रक्षण करते, पडलेल्याला उठवते. हे नाव जपानला बौद्ध परंपरेतून मिळाले. नारा येथील कोफुकुजी मंदिरात ७३४ सालची तीन मुखांची, सहा हातांची असुराची मूर्ती आहे. तिथे तो धम्माच्या आठ रक्षकांपैकी एक आहे. पुराणांनी ज्याला देवांचा शत्रू म्हणून मारले, त्याला बुद्धाच्या सभेत रक्षकाची जागा मिळाली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त दैत्य-राक्षसांच्या कथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या आणि बळीराजाला न्यायी राजा म्हणून उभे केले. त्या वाचनाची सवय असलेल्यांना ही असुरा परकी वाटणार नाही. नाव तेच राहते; कोण सांगतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

२०२३ च्या सोळाव्या खेळात पडदा पूर्ण बाजूला होतो. तिथे जन्मतःच मंत्रशक्ती असलेली माणसे गुलाम मानली जातात. त्यांच्या गालावर खूण गोंदतात. शक्ती वापरत गेले की त्यांचे शरीर दगड होत जाते. जन्म, खूण आणि सक्तीचे काम ही त्रयी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्यांना सोडवतो कोण? सरदारघराण्यात जन्मलेला आणि नंतर गुलामीत ढकललेला राजपुत्र क्लाइव्ह. खुणेने जन्म काढलेल्यांतून कोणी पुढारी का निघू नये? शेवटी जगातून जादूच नाहीशी होते. परंतु शक्ती गेली म्हणजे समता आली असे नव्हे. जमीन कोणाकडे, शिक्षण कोणाला, हे प्रश्न उरतातच.

हे खेळ खेळू नका, असे माझे म्हणणे नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यातून प्रश्न विचारायला शिकवावे: हा जीव कुठून आला, याचे नाव कोणाच्या देवाचे, तो परत जातो तेव्हा कुठे जातो? सुलेमानाच्या जिन्नांना धनी मेल्याचे कोणी सांगितले नाही. ते सांगण्याचे काम तुमचे-माझे आहे.