कुंडीतला पुरावा

नाशिककरांना दादासाहेब फाळके ठाऊक आहेत ते पौराणिक चित्रपटांचे कर्ते म्हणून. ही ओळख खोटी नाही, पण तिच्या झगमगाटात त्यांची आधीची ओळख झाकली गेली आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे मुळात छायाचित्रकार. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण आणि छपाईच्या अनेक प्रक्रिया शिकून घेतल्या, गोध्र्यात फोटोचा व्यवसाय मांडला, आणि १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा माणसातले सत्त्व शोषून घेतो, अशी भीती लोकांच्या मनात असण्याचा तो काळ होता. अशा काळात फोटो काढून पोट भरायचे, तर आधी समोरच्याचा संशय फेडावा लागे. फाळक्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली मला इथे दिसते. न पटणाऱ्याला डोळ्यांनी दाखवून पटवायचे, हीच त्यांची रीत होती, आणि भारतीय चित्रपटधंद्याचे पहिले भांडवल याच रीतीने उभे राहिले.

१९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतले काम त्यांनी पाहिले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते परतले. कॅमेरा आला, पण हरिश्चंद्राच्या कथेवर पैसे लावायला कोण धजणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ ही जेमतेम मिनिटभराची फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. फाळके रोज एकच चित्र घेत, असे या गोष्टीत नेहमी सांगितले जाते. थोडा हिशेब मांडला तर ते टिकत नाही. त्या काळच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा चित्रे धरली, तर एका मिनिटाला साडेनऊशेच्या वर चित्रे लागतात, आणि महिन्याचे दिवस तीस. फिल्म खरोखर मिनिटभराची असेल, तर दिवसाला तीसेक चित्रे घ्यायला हवीत. म्हणजे हा माणूस दिवसभर पुन्हा पुन्हा त्या कुंडीपाशी येत असला पाहिजे. दंतकथेतल्या चमत्कारापेक्षा ही चिकाटी मला अधिक मोलाची वाटते.

यावर कोणी म्हणेल, यात नवल ते काय? पर्सी स्मिथ यांची फुले उमलतानाची फिल्म इंग्लंडमध्ये १९१० मध्येच झाली होती, आणि आपल्याकडेही सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईतल्या कुस्तीचे चित्रण केले होते. हे मान्यच आहे. फाळक्यांचे वेगळेपण पहिलेपणात नाही. आपल्या घरात, आपल्या हातांनी हे यंत्र चालते, याचा पुरावा त्यांनी सावकारापुढे ठेवला आणि त्या पुराव्यातून ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. दुसरा आक्षेप असा, की कर्ज हाती पडल्यावर ते देवादिकांकडेच वळले. पण १९१३ मध्येच बिऱ्हाड नाशिकला हलवल्यानंतरही सत्यचित्रणाचा धागा त्यांनी सोडला नाही. त्यांच्या लघुपटांत नाशिक-त्र्यंबकचे देखावे आहेत, सिंहस्थ पर्वणी आहे आणि तळेगावचा काचेचा कारखानाही आहे. हा कारखाना लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून, पैसाफंडातून उभा राहिलेला. स्वदेशीच्या वाऱ्याने सरकारी नोकरी सोडलेल्या माणसाने त्याच्यावर फिल्म करावी, हे त्या मनाला धरूनच झाले. १९१७ च्या ‘चित्रपट कसे तयार करतात’मध्ये तर त्यांनी स्वतःचाच धंदा उघडा करून दाखवला. नटांनी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ काम करतो असे सांगावे, इतका तेव्हा या धंद्याला कमीपणा होता. त्यातले कष्ट आणि कसब लोकांसमोर मांडणे, हे त्यावरचे उत्तर होते. ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द जॉन ग्रिअर्सन यांनी चित्रपटाला लावला तो १९२६ मध्ये. नाशिकमध्ये ते काम त्याआधीच चालू होते.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे. या कॅमेऱ्याने समाज बदलला का? सिंहस्थाची गर्दी ज्या गोदाकाठी टिपली गेली, त्याच काठावर काळाराम मंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंद होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व हजारो सत्याग्रहींनी तो पुढची काही वर्षे चालवला. पर्वणीच्या देखाव्यात घाट दिसतो, त्या घाटावरची बंदी दिसत नाही. हा उणेपणा नाकारण्यात अर्थ नाही. कॅमेरा आपण होऊन न्याय करत नाही. तो ज्याच्यासमोर रोवला जातो, त्याचाच साक्षीदार होतो. फाळक्यांनी भारतीय हातांच्या कर्तृत्वाची साक्ष दिली आणि देशी उद्योगाविषयीचा अविश्वास हटवला. जातीच्या अन्यायाची साक्ष द्यायला मराठी मुलखात पुढे दुसरे उभे राहिले. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या छायाचित्रकाराच्या चित्रांमुळे, शहर ज्यांच्याकडे पाहत नव्हते, त्यांच्याकडे त्याला पाहावे लागले.

तरीही गटारात उतरून माणसे मरतातच, मग फोटोंनी काय साधले, हा प्रश्न उरतो आणि तो विचारलाच पाहिजे. लुईस हाइन यांनी अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींतल्या बालमजुरांचे फोटो १९०८ पासून एका संघटनेसाठी काढले. बालमजुरीला देशभर लगाम घालणारा टिकाऊ कायदा आला तो १९३८ मध्ये. मधली तीस वर्षे चळवळ, वकील आणि कायदेमंडळ यांची होती. फोटो त्यांच्या हातातला पुरावा होता. पुरावा म्हणजे निकाल नव्हे, पण पुराव्यावाचून निकाल मागताही येत नाही. म्हणून या पेशाचे मोल एखाद्या गाजलेल्या चित्रावरून ठरवू नये. एकाच जागी किती वेळा परत जाऊन पाहिले, यावरून ते ठरवावे. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच देह ठेवलेल्या फाळक्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. तिथे हरिश्चंद्राची आठवण होते, तशी त्या वाटाण्याच्या कुंडीचीही व्हावी. रोप एका दिवसात वाढले नाही, आणि ते वाढते आहे हे एका चित्राने कुणाला पटलेही नसते.