आयरिश भाषा : कायद्यात आणि कचेरीत

मालकाने करारावर सही केली म्हणून वाढ हातात पडत नाही, हे आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना कुणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच आयर्लंडच्या भाषेचा इतिहास वाचताना आम्ही ठरावांपेक्षा नोकरभरतीकडे अधिक पाहतो.

१९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. (आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिथूनच घेतलेली.) सरकारी नोकरीत शिरायला आयरिश सक्तीची होती, पण परीक्षेपुरती शिकलेली भाषा टेबलावर फारशी बोलली जात नसे. १९७४ साली ती सक्तीही उठली. पश्चिम किनाऱ्यावरचा आयरिशभाषक खिडकीशी उभा राहिला, की त्यालाच इंग्रजीत बोलावे लागे.

२००३ साली राजभाषा कायदा झाला. त्यात प्रत्येक खात्याने आपली योजना आपणच आखून मंत्र्याकडून मंजूर करून घ्यायची होती. श्रोतेहो, ज्याने काम करायचे त्यानेच कामाचे माप ठरवायचे म्हटल्यावर माप केवढे निघणार? भाषा-आयुक्त शॉन ओ किरॉन यांनी २०१३ च्या डिसेंबरात शिक्षण खात्याचा हिशेब मांडला. आयरिशमधून सेवा देऊ शकणारे कर्मचारी दीड टक्क्यावरून तीन टक्क्यांवर न्यायला, चालू गतीने, २८ वर्षे! त्याच वेळी त्यांनी राजीनामा जाहीर केला. अधिकारी खुर्ची सोडतो तो बहुधा बढतीसाठी; हा गृहस्थ कायदा पाळला जात नाही म्हणून गेला. आम्हाला हा त्या कायद्याच्या इतिहासातला मोठा दिवस वाटतो.

२०२१ च्या दुरुस्तीने अखेर भरतीलाच हात घातला. २०३० संपेपर्यंत नव्या भरतीत निदान २० टक्के माणसे आयरिश जाणणारी हवीत. आधीपासून खुर्चीवर बसलेल्यांना हा आकडा लागू नाही.