ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्ससाठी योग्य ऑइल कसे निवडावे?

पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन टायगुन २०२१ मध्ये बाजारात आली. तिच्या १.० लिटर इंजिनासोबत ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स होता, तर १.५ लिटर इंजिनासोबत ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. गाडीचे नाव एकच आणि दोन्ही ऑटोमॅटिक, तरी एकीचे ऑइल दुसरीत चालत नाही. म्हणून ऑइल गाडीच्या नावावरून नव्हे, गिअरबॉक्सवरून निवडावे लागते.

हे ऑइल नेमके काय करते?

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समधील ऑइलला एटीएफ म्हणतात. वंगण आणि थंडावा देण्याबरोबरच ते इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवते आणि आपल्या दाबाने क्लच चालवते. क्लच किती घट्ट धरावा, किती घसरावा, हे ऑइलमधील रसायनांवर अवलंबून असते. चुकीचे ऑइल पडले की गिअर झटक्याने बदलतात, गाडी थरथरते आणि क्लच लवकर झिजतो.

गिअरबॉक्सनुसार ऑइल

- टॉर्क कन्व्हर्टर: एटीएफ, पण त्यातही प्रकार आहेत. टोयोटाचे डब्ल्यूएस हे जुन्या टी-४ पेक्षा पातळ असते. एकाच्या जागी दुसरे वापरू नये.
- सीव्हीटी: यात पोलादी पट्टा पुलीवर फिरतो. त्याची पकड टिकवणारे खास सीव्हीटी फ्लुइडच लागते.
- डीसीटी किंवा डीएसजी: क्लच ऑइलमध्ये बुडालेला आहे की कोरडा, यावर ऑइल ठरते.
- एएमटी: मुळात हा मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यामुळे गिअर ऑइल लागते. गिअर बदलणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल, तर तिचे ऑइल वेगळे असते.

महाग म्हणजे चांगले?

तसे नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने ७ गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीमधील सिंथेटिक ऑइल काढून खनिज ऑइल घालण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत-थांबत चालवताना सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता.

खरेदी करताना

- गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला ऑइलचा कोड डब्यावर जसाच्या तसा आहे का, ते पाहावे. शंका असल्यास गाडीचा चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून खात्री करावी.
- लाल रंग पाहून ऑइल घेऊ नये. रंग ओळखीपुरता मिसळलेला असतो.
- हिंजवडीच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या गाडीसाठी मॅन्युअलमधील 'कठीण वापर' या रकान्यातील मुदत पाळावी.
- अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. ऑइलची पातळी ठराविक तापमानालाच तपासावी लागते, त्यामुळे हे काम माहितगार मेकॅनिककडे द्यावे.

चुकीचे ऑइल पडल्याचे लक्षात आल्यास इंजिन सुरू करू नये. गाडी टो करून न्यावी. ऑइल बदलल्यावर बिलावर त्याचा कोड लिहून घ्यावा, पुढच्या वेळी तोच उपयोगी पडतो.