पिकअप उंच केली की टायरला जागा मिळते का?

आज उदाहरण घेऊया अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचं. तिथे कित्येक वर्षांपासून हौशी लोक गाडी उंच करून तिला मोठे टायर घालतात. त्यामागचा हिशोब सरळ वाटतो: गाडी 4 इंच उचलली, म्हणजे टायरच्या डोक्यावर 4 इंच जागा वाढली. ज्यांना पुढे संशोधनात काहीतरी मोजायचं आहे, त्यांनी हा हिशोब कुठे फसतो ते जरूर बघावं.

सुरुवातीला उचलण्याचा प्रश्नच नव्हता. 1946 साली डॉजने ‘पॉवर वॅगन’ बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकवरून ती बेतलेली होती. चारही चाकांना ताकद, मोठे टायर आणि त्यांना पुरेल एवढी उंची, सगळं कारखान्यातूनच आलेलं. पुढे साध्या पिकअपच्या मालकांनाही चिखल आणि वाळवंट खुणावू लागलं. बॉब चँडलर यांनी आपली 1974 ची फोर्ड एफ-250 वाढवत वाढवत ‘बिगफूट’ बनवली. तिला आधी 48 इंची आणि 1980 च्या दशकात 66 इंची टायर बसले, त्यासाठी लष्करी ट्रकचे अ‍ॅक्सल घालावे लागले. हे टोकाचं उदाहरण झालं, पण उंच गाडीचं वेड पसरवण्यात त्याचा वाटा मोठा.

सामान्य मालक काय करायचा? तेव्हाच्या चारचाकी ताकदीच्या बहुतेक पिकअपना पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्या ट्रकखाली दिसतात ते पाटे असायचे. जास्त कमानीचे पाटे घातले की गाडी उंच. टायर आणि मडगार्डमधली फट लगेच वाढलेली दिसायची.

पण ही फट उभ्या गाडीची. गाडी खड्ड्यात आदळली की पाटे दबतात आणि अ‍ॅक्सल वर येतो. तो कुठे थांबेल हे ठरवतो चासीवरचा रबरी ठोकळा, बंप स्टॉप. तो ठोकळा जुन्याच जागी असेल, तर पूर्ण दबलेल्या अवस्थेत चाक पूर्वीइतकंच वर येणार. म्हणजे त्या क्षणी वाढीव जागा शून्य! चाक तिथवर पोचायला जास्त अंतर लागतं, म्हणून टायर कमी वेळा घासतो, एवढाच फायदा. याउलट बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालतात. त्यात बॉडीच वर जाते, त्यामुळे पूर्ण दबल्यावरही मडगार्डखाली जागा उरते. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फट सारखीच दिसेल.

दुसरी अडचण वळणाची. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या टायरची कड मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला किंवा चासीला लागते. ही धडक आडवी आहे, उंचीने ती फारशी सुटत नाही. रिम बाहेर काढली तर चासीपासून टायर सुटतो, पण वळताना तो मोठा चाप घेतो आणि मडगार्डला लागतो.

तिसरी गोष्ट अ‍ॅक्सलखालच्या जागेची. अखंड अ‍ॅक्सल असेल तर सस्पेन्शन कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त टायरमुळे, तेही निम्म्याने: 33 ऐवजी 35 इंची टायर घातला तर 1 इंच.

पुढे गाड्याच बदलल्या. अमेरिकेतल्या टोयोटा पिकअपमध्ये 1986 साली, तर शेव्हरोलेमध्ये 1988 साली चारचाकी ताकदीच्या मॉडेलना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. आता जास्त उचललं की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि लवकर झिजतात. म्हणून मोठ्या लिफ्टमध्ये डिफरन्शियलच ब्रॅकेट लावून खाली आणावा लागतो. म्हणजे जी जागा वाढवायची होती, तिथूनच थोडी परत द्यायची.

आणि हा खेळ नुसता टायर घासण्यापुरता नाही. गाडी किती सहज उलटेल याचा एक साधा निर्देशांक आहे: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने 2001 च्या मॉडेलपासून उलटण्याच्या धोक्याचं मानांकन याच आधारावर सुरू केलं. समजा चाकांमधलं अंतर 68 इंच आणि गुरुत्वमध्य 28 इंचावर आहे, तर निर्देशांक येतो 1.21. तोच मध्य 3 इंच वर गेला तर 1.10. आकडा घसरला म्हणजे वळणावर उलटण्याचा धोका वाढला.

2010 च्या फोर्ड रॅप्टरचं उत्तर म्हणूनच बघण्यासारखं आहे. 35 इंची टायर बसवताना फोर्डने नुसती उंची वाढवली नाही. चाकांमधलं अंतर आणि मडगार्ड रुंद केले. जागाही मिळाली आणि निर्देशांकातला वरचा आकडाही वाढला.

आता तुमच्या कामाकडे या. ‘क्लिअरन्स 4 इंच’ या वाक्यात स्थिती लिहिलेली नाही. गाडी उभी आहे, पूर्ण दबली आहे, की वळते आहे? बॅटरीची क्षमता लिहिताना आपण तापमान आणि डिस्चार्जचा दर लिहितो ना, तसंच हे. प्रपोजलमध्ये एखादी राशी लिहाल तेव्हा शेजारी एक रकाना स्थितीचा ठेवा. आणि पहिलं रीडिंग शक्यतो तिथे घ्या, जिथे टायर घासतो.