नर्मदातीरावरील एक शिक्षणप्रयोग

शास्त्र हा विषय पाठ करावयाचा, कीं करून पाहावयाचा? या प्रश्नावर विद्वानांनीं पुष्कळ वाद घातले. परंतु त्याचा खरा कस लागला तो मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्याच्या खेड्यांतील साध्या सरकारी शाळांत.

किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं १९७२ सालीं राज्यसरकारच्या अनुमतीनें १६ शाळांतून सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं हा उपक्रम आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठांतील प्राध्यापक त्यांच्या साह्यास धांवून आले.

या शाळांत मुलें चौघाचौघांच्या टोळ्या करून बसत. एकच लांबी चौघांनीं मोजली म्हणजे उत्तरें थोडीं निरनिराळीं येत. मग खरें कोणाचें? या एका प्रश्नांतून मापनांतील चूक आणि सरासरी हीं दोन्ही उलगडत. नाणें पुनःपुन्हा उडवून छापकांट्याची नोंद ठेवतां ठेवतां संभाव्यतेचें गणित हातीं लागे. शेतांतून आणलेलीं पानें निवडतां निवडतां वर्गीकरणाचें तत्त्व कळे. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत प्रश्न विचारलेले असत; उत्तरें मात्र मुलांनीं प्रयोग करून आपल्या वहींत लिहावयाचीं.

अशा वर्गांत गुरुजींची जागाहि पालटते. ‘मला ठाऊक नाहीं, आपण पाहूं या,’ असें म्हणण्याचें धैर्य त्यांस लागतें. म्हणून शिक्षकांचीं शिबिरें भरत. तेथें ते स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करीत, आणि मासिक बैठकींत अडचणी मांडीत. परीक्षाहि बदलली. पुस्तक उघडून उत्तर लिहिण्याची मुभा मिळाली आणि प्रत्यक्ष प्रयोगाला गुण मिळूं लागले. हें मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. कारण परीक्षा जुनीच राहिली, तर उत्तमांतील उत्तम साहित्यहि कपाटांतच कुलूपबंद राहतें.

१९७८ सालीं हा क्रम साऱ्या जिल्ह्यांत लागू झाला. १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें तो पुढें चालविला आणि अन्य जिल्ह्यांतील शाळांतहि नेला. परंतु इतरत्र एक पुस्तक व येथें दुसरें, हें कांहींच्या मनास पटेना. अखेर २००२ सालीं राज्यसरकारनें तो बंद केला. तीस वर्षांचें काम एका आज्ञेनें थांबलें.

सरकारी शाळेंतील सुधारणेचें बळ आणि तिचें दौर्बल्य एकाच ठिकाणीं असतें. सरकारच्या द्वारें ती गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोंचते, आणि त्याच द्वारें परतहि धाडली जाते. तिला टिकवावयाचें तर शास्त्रज्ञ आणि गुरुजी यांच्या जोडीला आईबापांनींहि तिचा कैवार घेतला पाहिजे. शाळेंतून घरीं आलेल्या मुलास ‘आज काय पाठ केलेंस?’ असें न विचारतां ‘आज काय करून पाहिलेंस?’ असें विचारणें, हा त्याचा आरंभ होय.